नित्यपूजेचे बळ
(हजीरा येथे महाजन कुटुंबांसमोर केलेले भाषण)



तापीच्या मुखाशी वसलेल्या या हजीऱ्यात आपण खत, वायू व पोलाद यांच्या कारखान्यांच्या निमित्ताने आलो. ऑगस्ट २००६ मध्ये उकाई धरणाच्या विसर्गाने तापीला महापूर आला आणि सुरत शहराचा बहुतांश भाग जलमय झाला. अशा प्रसंगी मन विचारते, धीर धरावा तो कशाच्या आधारावर?

याचे उत्तर आपल्याच इतिहासात आहे. १५६० मध्ये पोर्तुगीज अमलाखालील कुशस्थळीचे देवालय संकटात आले, तेव्हा आपल्या पूर्वजांनी श्रीमंगेशाचे लिंग जुवारी नदीपलीकडे, त्या सत्तेबाहेरील प्रियोळ येथे नेले. घरदार, शेतीवाडी मागे राहिली. नित्यपूजा सोबत गेली. आज दिसते ते भव्य मंदिर अठराव्या शतकात आकारास आले. मधल्या कित्येक पिढ्यांच्या दृष्टीस हे शिखर पडलेच नाही. तरीही पूजेचा वसा त्यांनी पुढील पिढीच्या हाती सोपविला.

बंधुभगिनींनो, श्रद्धेचे धैर्य ते हेच. फळाची हमी न मागता ते आजचे कर्तव्य आजच करते. नोकरी सुटेल, आजार येईल, वियोगही घडेल. त्या दिवशीही सायंकाळी देवापाशी दिवा लावावा, आणि संकटातील शेजाऱ्याच्या दारी जावे. एकट्याचे धैर्य खचते. समाजाने धरलेला धीर टिकतो. देवालाही नदीपार नेण्यास अनेकांचे हात लागले असतील.

ते सामर्थ्य श्रीमंगेश आपणां सर्वांस देवो, हीच त्याच्या चरणी प्रार्थना.