गावचे पाणी आणि आपली वाटणी
(ज्ञातिसंस्थेच्या वार्षिक संमेलनात पाटण येथे केलेले भाषण)



मजसारख्या निवृत्त शिक्षकाने गुणवंत विद्यार्थ्यांचे कौतुक करून खाली बसावे, अशी आपली अपेक्षा असेल. परंतु आज मी गावच्या पाण्याविषयी बोलणार आहे, आणि त्यातील थोडा दोष माझ्याही पदरी घेणार आहे.

आपले पाटण कोयना व केरा या नद्यांच्या संगमावर वसले आहे. पश्चिमेच्या डोंगरांवर पाऊस उदंड पडतो. तरीही चैत्र-वैशाखात कित्येक वाड्यांतील मायभगिनींना घागरी घेऊन दूर जावे लागते. अशाच एका वाडीत मी शिक्षक असताना सर्वांनी वर्गणी काढून, श्रमदान करून झऱ्याखाली दगडी कुंड बांधले. पुढे दोन-तीन वजनदार घरांनी नळी टाकून ते पाणी आपल्या बागांकडे वळविले. खालच्या वस्तीतील बायका रिकाम्या कळश्या घेऊन तिष्ठत बसू लागल्या. उघड भांडण कोणी केले नाही. मात्र पुढल्या वर्षी गाळ काढण्याचा निरोप गेला, तेव्हा त्या वस्तीतून एकही माणूस आला नाही. कुंड गाळाने भरत गेले आणि अखेर बागाही वाळल्या.

ती वजनदार घरे आपल्याच ज्ञातीची होती. मला सारे दिसत होते; परंतु त्या घरी माझा मान होता, म्हणून मी मौन धरले. त्याची लाज मला अद्यापि वाटते.

पाण्यापाशी भेद करण्याची ही खोड जुनी आहे. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करावेत, असा ठराव सीताराम केशव बोले यांनी १९२३ साली मुंबई कायदे मंडळात मांडला व तो संमतही झाला. तरीही महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेण्यासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना २० मार्च १९२७ रोजी सत्याग्रह करावा लागला, आणि उच्च न्यायालयाचा अनुकूल निर्णय १९३७ साली मिळाला. ठराव कागदावर होतो. पाणवठ्यावर तो माणसांच्या मनातून उतरावा लागतो.

मग उपाय कोणता? ‘ज्याची जमीन त्याचे पाणी’ हा आपला रूढ समज आहे. १९७२ च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यातील नायगाव येथे विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायतीच्या रूपाने तो समज बाजूस सारला. पाण्याचा हक्क जमिनीवर नव्हे, तर घरातील माणसांवर ठरविला. माणशी अर्ध्या एकरापुरते पाणी, कुटुंबास फार तर अडीच एकरांपुरते. भूमिहीनांसही वाटा, आणि फार पाणी पिणाऱ्या उसाला मज्जाव. आपल्या शेजारच्या सांगली जिल्ह्यातही येरळेकाठी बलवडी व तांदुळवाडीच्या लोकांनी बळीराजा स्मृती धरण उभारले. ठेकेदार नदीतील वाळू उपसून नेत असत; त्या वाळूवर गावाने हक्क सांगितला, मर्यादित वाळू विकून धरणाच्या खर्चास हातभार लावला आणि पाण्यात भूमिहीनांचाही हिस्सा मान्य केला.

यात कोणी कोणावर उपकार केला, असे समजू नका. ज्याचा वाटा असतो तोच गाळ उपसतो, बांध फुटला तर रात्री कंदील घेऊन धावतो. ज्यास वाटाच नाही, त्याने राखण का करावी? गरिबाला वगळले की श्रीमंताचे पाणीही टिकत नाही, हे मी त्या कुंडाच्या काठी शिकलो.

आपल्यापैकी पुष्कळजण गावच्या पाणी समितीवर बसतात. त्यांना माझी विनंती एवढीच की, ठरावावर सही करण्यापूर्वी शेवटच्या घरापर्यंत पायी जाऊन यावे, तेथील गृहिणीला पाणी किती व केव्हा मिळते हे विचारावे, आणि तिचे उत्तर सभेत सांगावे. अन्याय करणारा आपल्या ज्ञातीचा असेल, तर ते अधिक स्पष्टपणे सांगावे. कारण परक्यास बोलणे सोपे, आपल्या माणसास बोलणे कठीण. जे मला त्या वेळी साधले नाही, ते आपल्या हातून घडावे, एवढी इच्छा व्यक्त करून मी आपली रजा घेतो.