बीजाणू स्वतःलाच खातो तेव्हा

मी पायदळातला माणूस. बी.एस्सी. करून फौजेत गेलो, निवृत्तीनंतर डेहराडूनजवळ बासमती लावू लागलो. पहिल्याच वर्षी लोंब्यांच्या माना काळ्या पडून मोडल्या. दाणा भरलाच नाही. शेजारचा शेतकरी म्हणाला, "कर्नलसाहेब, हा झोंका. युरिया फार झाला." झोंका म्हणजे आपला करपा. युरिया मीच, पानं हिरवीगार दिसावीत म्हणून, ओतला होता.

शत्रू कोण हे कळल्याशिवाय मला चैन पडत नाही. वाचायला बसलो.

ही बुरशी मॅग्नापोर्थे ओरायझी. तिचा तीन पेशींचा बीजाणू हवेतून येऊन पानाला चिकटतो. तिथे त्याला खायला काही नसतं, सोबतची शिदोरी तेवढीच. दवाच्या थेंबात त्याला कोंब फुटतो आणि कोंबाच्या टोकाशी घुमटासारखी पेशी तयार होते, अ‍ॅप्रेसोरियम. तिच्या भिंतीत मेलॅनिनचा काळा थर असतो. आत ग्लिसरॉल साठतं, पाणी ओढलं जातं आणि दाब चढत चढत हवेच्या दाबाच्या ऐंशीपट होतो. मोटारीच्या टायरमध्ये आपण भरतो तो दोन-सव्वादोनपट! त्या जोरावर एक बारीक खुंटी पानात घुसते.

मला थक्क केलं ते मागे राहिलेल्या बीजाणूनं. तो रिकामा होऊन कोसळतो. पेशीनं आपलाच ऐवज गुंडाळून पचवायचा, याला ऑटोफॅजी म्हणतात, स्वभक्षण. यीस्टमध्ये याची जनुकं शोधणाऱ्या योशिनोरी ओसुमींना २०१६ चं नोबेल मिळालं. त्याआधीच, २००६ मध्ये, इंग्लंडच्या एक्सेटर विद्यापीठातल्या निक टॅलबट यांच्या गटानं करप्याच्या बुरशीतलं एटीजी-८ हे जनुक काढून पाहिलं. बीजाणू कोसळला नाही, आणि रोगही झाला नाही. २००९ मध्ये त्यांनी सरसकट स्वभक्षणाची सोळा जनुकं एकेक करून काढली. दर वेळी बुरशी निकामी! पेशीतले ठराविक भागच निवडून खाणारी जनुकं काढली, तेव्हा मात्र तिचं काही बिघडलं नाही.

वहीत मी आधी 'बलिदान' लिहिलं होतं, मग खोडलं. बुरशीला कसली आलीय वीरश्री? मागचा तळ मोडायचा आणि त्याचं सामान पुढच्या चौकीला लावायचं, एवढंच.

मग याच जनुकांवर औषध का नाही? अडचण अशी की हीच यंत्रणा भाताच्या पेशींत आहे, तुमच्या-माझ्याही पेशींत आहे. फक्त बुरशीचीच मोडायची, हे अवघड काम. ट्रायसायक्लॅझोल दुसरीकडे घाव घालतं. ते मेलॅनिन बनू देत नाही, मग घुमटाला पान भेदता येत नाही. म्हणजे ते खुंटी घुसायच्या आत पानावर हवं. मी फवारलं माना काळ्या पडल्यावर.

यंदा युरिया मोजून, तीन हप्त्यांत दिलाय. दव पडलं की पहाटे भिंग घेऊन बांधावर जातो. शेजारी हसतो. हसू दे.

आता तुमचे प्रश्न घेऊ.