काचेतलं पाणी

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)



आमच्या घरी पाहुणे आले की त्यांची नजर प्रथम कपाटावरच्या त्या हिरव्या इंजिनाकडे जाते. लांबी साधारण हातभर. चार चाकं, पितळी घुमट, तांब्याच्या नळ्या. पाहुणे जवळ जातात, वाकून बघतात आणि विचारतात, ''हे चालतं का हो?'' मी म्हणतो, ''चालतं.'' ''म्हणजे विजेवर?'' ''नाही, वाफेवर. आत खरा बॉयलर आहे, खरा कोळसा पेटतो.'' पाहुणे खूश होतात आणि चहाकडे वळतात.

पण श्रोतेहो, या छंदातला माणूस असा प्रश्न कधी विचारत नाही. तो विचारतो, ''कसं चालतं?'' मध्येच दम टाकतं का? चढावर रुसतं का? पाहुण्यांना बसवून निघालात तर परत आणून सोडतं का? 'चालतं' आणि 'भरवशाचं चालतं' या दोन गोष्टींमध्ये किती अंतर असतं, ते कापायला मला अकरा वर्षं लागली. आज मी त्याबद्दल बोलणार आहे.

माझे वडील, अण्णा, दौंडला रेल्वेत होते. फायरमनपासून सुरुवात करून ते ड्रायव्हर झाले. मालगाडीचं डब्ल्यूजी इंजिन, जोडलेली आठ चाकं असलेलं ते धूड, त्यांनी वर्षानुवर्षं हाकलं. मी मात्र पुण्यात येऊन कारखान्यात टर्नर झालो, पुढे टूलरूममध्ये गेलो. अण्णा निवृत्त झाल्यावर आमच्याकडे राहायला आले आणि काचबिंदूनं हळूहळू त्यांची दृष्टी गेली. डिसेंबर १९९५ मध्ये देशातल्या ब्रॉडगेजवरची वाफेच्या इंजिनांची नियमित वाहतूक संपली, ती बातमी मीच त्यांना वाचून दाखवली. ते म्हणाले, ''आता बघायचंच नाही म्हटल्यावर काय फरक पडतो? आवाज तेवढा ऐकायला मिळायला हवा होता.''

मी त्याच्या वर्षभर आधीच एक जुना लेथ घेऊन इंजिनाला सुरुवात केली होती. विलायतेत एल.बी.एस.सी. या टोपणनावानं लिहिणारे एक गृहस्थ होते. लंडन, ब्रायटन अँड साऊथ कोस्ट या रेल्वेत त्यांनी नोकरी केली होती, तिचीच ही आद्याक्षरं. १९२०च्या दशकात 'मॉडेल इंजिनिअर' या साप्ताहिकात मोठा वाद झाला होता. एवढ्याशा बॉयलरमध्ये कोळशानं पुरेशी वाफ होणार नाही, छोट्या इंजिनाला स्पिरिटचा दिवाच बरा, असं जाणकारांचं मत होतं. एल.बी.एस.सीं.नी आपलं 'आयेशा' नावाचं अडीच इंच रुळांवरचं कोळशाचं इंजिन आणलं आणि त्याच्यामागे धडधाकट माणूस बसवून ओढून दाखवला. पुढे त्यांनी नवशिक्यांसाठी 'टिच' नावाचं साडेतीन इंच रुळांवरचं इंजिन आखलं. मी तेच करायला घेतलं.

बॉयलरच्या तांब्याच्या पत्र्याला काठ वळवायचे होते. ते माझ्या हातून होईनात. शेवटी कसबा पेठेतल्या तांबट आळीत गेलो. तिथल्या एका वयस्कर कारागिरानं पत्रा तापवला, विझवला, ठोकला आणि दोन दिवसांत माझ्या हातात असे काठ ठेवले की मी बघतच राहिलो. जोडांना चांदीचा डाग मी स्वतः लावला. मग बॉयलरमध्ये गार पाणी भरून, चालवायचा दाब ऐंशी पौंड म्हणून त्याच्या दुप्पट, म्हणजे एकशेसाठ पौंडांवर तपासला. एका कोपऱ्यात घाम आल्यासारखे थेंब दिसले. तो जोड उकलून पुन्हा केला. असं करत करत २००३ साल उजाडलं.

पहिल्या दिवशी अण्णांना अंगणात खुर्चीवर बसवलं. इंजिन ठोकळ्यांवर उचलून ठेवलं, म्हणजे चाकं जागच्या जागी फिरतील. वाफ झाली, चाकं फिरू लागली. मला आनंदानं काही सुचेना. अण्णा मान तिरकी करून ऐकत होते. म्हणाले, ''तिसरा ठोका दबतोय.''

दोन सिलिंडरच्या इंजिनात प्रत्येक सिलिंडर दोन्ही बाजूंनी काम करतो. म्हणून चाकाच्या एका फेऱ्यात चिमणीतून चार ठोके येतात, आणि ते चारही सारखे यायला हवेत. मी आवाज ऐकत होतो, अण्णा मोजत होते. झाकण उघडून पाहिलं, तर उजव्या बाजूचा व्हॉल्व्ह त्याच्या दांड्यावर केसभर पुढे बसला होता. सिलिंडरच्या एका टोकाला वाफ जास्त, दुसऱ्याला कमी. नट अर्धा फेरा फिरवला. पुन्हा वाफ केली. एक, दोन, तीन, चार. अण्णा काठीनं जमिनीवर ताल धरून म्हणाले, ''आता बरोबर.''

मला वाटलं, झालं काम. पण ती तर सुरुवात होती.

वस्तू लहान केली की तिचे गुणधर्मही त्याच मापात लहान होतील, असं आपल्याला वाटतं. निसर्ग तसं करत नाही. समजा, इंजिन सोळा पट लहान केलं. त्याच्या बॉयलरचा पृष्ठभाग दोनशेछप्पन्न पट कमी होतो, पण आतलं पाणी चार हजार शहाण्णव पट कमी होतं. म्हणजे पाण्याच्या मानानं उष्णता बाहेर पडायला जागा सोळा पट जास्त. थंडीत सिलिंडरमध्ये वाफेचं लगेच पाणी होतं आणि इंजिन गुदमरतं, ते यामुळेच. म्हणून निघताना सिलिंडरच्या तोट्या उघड्या ठेवून आधी ते पाणी बाहेर काढायचं असतं.

धुळीचा कणही आपल्यासाठी लहान होत नाही. मोठ्या इंजिनाच्या झडपेत अडकलेला कण चिरडून जाईल, माझ्या इंजिनात तोच कण ज्वारीच्या दाण्याएवढ्या गोळीखाली बसला की झडप मिटत नाही. कोळशाचंही तसंच. आपल्याकडच्या दगडी कोळशात राख फार. माझी आगपेटी ओंजळीएवढी, दहा मिनिटांत तिची जाळी बुजायची. लोणारी कोळसा वापरून पाहिला, इस्त्रीवाल्याकडून आणलेला. तो झटकन पेटतो आणि तितक्याच झटकन संपतो. मग लोणारी कोळशानं आग धरायची, वर निवडून, चाळून, वाटाण्याएवढा केलेला दगडी कोळसा थोडा थोडा टाकायचा, अशी रीत बसवली.

विलायतेत १९६९ मध्ये अशा इंजिनांची एक स्पर्धा सुरू झाली. तिथे वेग बघत नाहीत, रंग बघत नाहीत. कोळसा तोलून देतात, गाडीत माणसं बसवतात आणि इंजिनानं किती ओढ लावली ते मोजतात. जळालेल्या कोळशातल्या उष्णतेचे शंभर भाग धरले, तर त्यातले दोन-तीन जरी ओढण्याच्या कामी आले तरी तो चांगला निकाल. वाफेच्या मोठ्या इंजिनांचंही हे प्रमाण दहाच्या आतच असायचं. बाकी सगळं चिमणीतून जातं. या हिशोबात हातचं राखायला काही उरत नाही. म्हणून छोटी इंजिनं इतकी लहरी.

आता मुख्य गोष्ट सांगतो. जानेवारी २००४. आमच्या सोसायटीचं स्नेहसंमेलन होतं. पटांगणात पंचवीस मीटर सरळ रूळ मांडले होते, कमरेएवढ्या उंचीच्या घोड्यांवर. इंजिनामागच्या ट्रॉलीवर दोन मुलं बसवून पुढे जायचं आणि मागे यायचं. मुलांची रांग जिन्यापर्यंत गेली होती. अण्णा खुर्चीवर, अंगात स्वेटर, कानांवर मफलर नाही. ऐकायचं होतं ना!

आधी भाषणं झाली, फोटो झाले. तोवर इंजिन उभंच होतं आणि जादा वाफ सोडत होतं. बॉयलरच्या मागच्या बाजूला काचेची एक बारीक नळी असते. बॉयलरमध्ये पाणी कुठवर आहे, ते तिच्यात दिसतं. पाणी फार खाली गेलं तर आगपेटीचं छत उघडं पडतं, आणि पाण्याखाली नसलेलं तांबं त्या आगीपुढे टिकत नाही. मोठ्या इंजिनात अशा वेळी वितळून धोक्याची सूचना देणारा शिशाचा प्लग असे. माझ्या इंजिनाला तो नव्हता. भरवसा फक्त त्या काचेवर.

मी काचेकडे पाहिलं. पाणी अर्ध्यावर. चार फेऱ्या झाल्या. तरी पाणी अर्ध्यावरच. मला बरं वाटलं. चाकांवर चालणारा पंप काम करतोय, असं मी धरून चाललो.

पाचव्या फेरीला निघणार, तेवढ्यात अण्णांनी हाक मारली. ''आवाज कोरडा येतोय. काच उडवून बघितलीस का?''

काच उडवणं म्हणजे तिच्याखालची तोटी क्षणभर उघडून आतलं पाणी बाहेर सोडणं. तोटी बंद केली की पाणी उसळून पुन्हा आपल्या पातळीला आलं पाहिजे. मी तोटी उघडली, बंद केली. काच रिकामी. पाणी आलंच नाही. इतका वेळ मला दिसत होता तो नळीत चिकटून बसलेला पाण्याचा तुकडा होता. नळी बारीक असली की पाणी तिच्या अंगाला धरून राहतं. पाण्याचा तो स्वभावही सोळा पट लहान होत नाही.

मी हातपंप मारायला लागलो. दांडा सैल, आत काही जात नव्हतं. ट्रॉलीवर दोन मुलं बसलेली. कोणीतरी ओरडलं, ''काका, चला ना!'' मनात आलं, एवढी एक फेरी करू, मग बघू.

अण्णांनी विचारलं, ''पाणी दिसतंय?''

''नाही.''

''मग आग पाड.''

मुलांना खाली उतरवलं आणि आगपेटीखालची खीळ ओढली. लाल निखारे रुळांखालच्या पत्र्यावर पडले. कार्यक्रम संपला. मुलं हिरमुसली. एक गृहस्थ माझ्या देखत म्हणाले, ''शेवटी खेळणंच ते.'' मला त्या रात्री जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी सगळं खोललं. कचरा आत जाऊ नये म्हणून पाण्याच्या टाकीतल्या नळीच्या तोंडाला मी बारीक जाळी बसवली होती. तिच्यावर पुसायच्या कापडाचे धागे गोळा होऊन बोळा बसला होता. आणि चूक माझीच, काम वाचावं म्हणून दोन्ही पंपांना मी त्या एकाच नळीतून पाणी दिलं होतं. एक पंप बिघडला तर दुसरा असावा, म्हणून दोन पंप. पण दोघांचा घसा एकच! अण्णांना सांगितलं, तर ते एवढंच म्हणाले, ''दोन आहेत असं तुला वाटत होतं. होता एकच.''

बॉयलर पुन्हा पाण्याच्या दाबानं तपासला. सुदैवानं छत शाबूत होतं. दोन्ही पंपांना वेगवेगळ्या नळ्या दिल्या, जाळ्या मोठ्या केल्या. बोअरच्या पाण्यानं आत क्षार धरतात, म्हणून पावसाचं पाणी गाळून साठवायला लागलो. पुसायला धागे न सुटणारं कापड आणलं. आणि एक वही घातली. प्रत्येक वेळी इंजिन पेटवलं की तारीख, कोळसा, किती वेळ चाललं, का थांबलं, आणि शेवटच्या रकान्यात काच किती वेळा उडवली.

२००५च्या दिवाळीत, कोणालाही न बोलावता, मी आणि अण्णा पुन्हा पटांगणात गेलो. इंजिन चाळीस मिनिटं चाललं. पुढे, मागे, पुढे, मागे. चारही ठोके सारखे. कशासाठीही थांबावं लागलं नाही. पाहण्यासारखं त्यात काही नव्हतं. भरवशाचं चालणं हे बघायला कंटाळवाणंच असतं. अण्णा पूर्ण वेळ बोलले नाहीत. आग विझवल्यावर म्हणाले, ''काच किती वेळा उडवलीस?''

''सहा वेळा.''

''बरं,'' ते म्हणाले, आणि काठी घेऊन उठले.

अण्णांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. इंजिन अजून चालतं. माझी नात बारा वर्षांची आहे, ती कोळसा टाकायला शिकली आहे. तिला मी सुरुवातीला वाफेचा दांडा हातात दिला नाही, काच उडवायला शिकवलं. गेल्या महिन्यात पाहुणे ट्रॉलीवर बसलेले असताना तिनं इंजिन थांबवलं. पाणी हळू चढतंय, म्हणाली. पाहुणे हसले. तिनं आग पाडली. नंतर खोलून पाहिलं, तर बॉयलरमध्ये पाणी भरपूर होतं, काचेच्या तोटीत क्षाराची कपची अडकली होती, एवढंच.

''आजोबा, उगाच थांबवलं का मी?'' तिनं विचारलं.

मी वही तिच्यापुढे ठेवली आणि 'का थांबलं' या रकान्यात तिच्याच अक्षरात लिहायला सांगितलं. तिनं लिहिलं : 'पाणी नीट दिसलं नाही.'