सनद कपाटात राहू नये म्हणून

(कोल्हापुरात तरुण मित्र-मैत्रिणींसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



सुरुवातीलाच सांगून टाकतो, मी वकील नाही. इंजिनिअरिंग केलं आणि गेली बारा वर्षं सॉफ्टवेअरमध्ये नोकरी करतोय. मग कायद्याच्या विद्यार्थ्यांबद्दल मी का बोलायचं? कारण आमच्या घरात एक सनद आहे आणि ती कपाटात पडून आहे. माझ्या धाकट्या बहिणीची.

आमच्या खानदानात लॉ करणारी ती पहिली. कॉलेजची फी अब्बांनी कशीबशी भरली. सनदेचा खर्च उसने पैसे घेऊन भागवला. काळा कोट शिवला त्या दिवशी अम्मीनं गल्लीत पेढे वाटले. मग ती एका वकिलांकडे ज्युनिअर म्हणून जायला लागली. सकाळी एसटीनं यायचं, दिवसभर कोर्टात फायली घेऊन फिरायचं, तारखा लिहायच्या, संध्याकाळी परत. पगार नाही. तिचे सीनिअर वाईट नव्हते. त्यांनाही त्यांच्या सीनिअरनी काही दिलं नव्हतं. या धंद्यात शिकणं म्हणजेच पगार, असं धरून चालतात.

दहा महिने झाले. एका रविवारी मी तिला म्हणालो, "किती दिवस फुकट राबणार आहेस? माझ्याकडं बघ, पहिल्या महिन्यापासून पगार घेतोय." ती काहीच बोलली नाही. पुढच्या महिन्यात तिनं क्लासमध्ये शिकवायला सुरुवात केली आणि कोर्ट सुटलं ते सुटलंच.

तेव्हा मला वाटलं, मी व्यवहाराची गोष्ट सांगितली. आज कळतं की मी चुकीचा प्रश्न विचारला होता. "तू का राबतेस" हे विचारण्यापेक्षा "तुला टिकायला महिन्याला किती लागतील" हे विचारायला हवं होतं. एसटीचा पास, झेरॉक्स, पुस्तकं, दुपारचा डबा, मोबाईल. तेव्हाच्या हिशेबानं पाच हजारांत भागलं असतं. माझ्या पगारातून ते जड नव्हते.

आता आपल्या गावाकडं बघू. १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरात सुरू झालं. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग अशा सहा जिल्ह्यांची कामं इथं चालतात. यासाठी या जिल्ह्यांतल्या वकिलांनी चाळीसेक वर्षं आंदोलनं केली. सीपीआरसमोरच्या जुन्या कोर्टाच्या इमारतीत हे बेंच बसतं. तिथून चालत जाण्याइतक्या अंतरावर दसरा चौकात आपलं मुस्लिम बोर्डिंग आहे.

त्या बोर्डिंगची गोष्ट तुम्हाला माहीत असेल, तरी पुन्हा सांगतो. १९०१ साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघालं, त्यानंतर शाहू महाराजांनी एकेका समाजासाठी वसतिगृहं काढायला लावली. १९०६ साली मुसलमान मुलांच्या शिक्षणासाठी मोहामेडन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली आणि महाराज स्वतः तिचे अध्यक्ष झाले. महाराजांनी एक साधी गोष्ट ओळखली होती. शाळा फुकट असली तरी पोरगं शहरात राहणार कुठं आणि खाणार काय? बोर्डिंग हे त्या मधल्या अडचणीचं उत्तर होतं.

कायद्याच्या शिक्षणातही ही मधली अडचण आहे. आपण शिष्यवृत्ती म्हटलं की फीचा विचार करतो, आणि तो करायलाच हवा. महाडीबीटीवर फी सवलतीच्या सरकारी योजना आहेत, आपल्यातल्या कितीतरी बिरादऱ्या ओबीसी यादीत आहेत, तरी दाखले वेळेवर काढले नाहीत म्हणून अर्ज राहतात. कॉलेजच्या ऑफिसात जाऊन विचारा, लाजू नका. पण फी भरून पदवी मिळाली तरी कमाई सुरू व्हायला दोन-तीन वर्षं लागतात. ज्याच्या घरी शेती, दुकान किंवा वकील वडील आहेत तो टिकतो. बाकीचे गळतात, आणि तेही हुशार असून गळतात.

हे आजचंच आहे असं नाही. बाबासाहेब आंबेडकरांना १९१३ साली बडोद्याच्या सयाजीरावांची शिष्यवृत्ती मिळाली, पुढं लंडनच्या शिक्षणासाठी शाहू महाराजांनी मदत केली. १९२२ साली ते बॅरिस्टर झाले. एवढ्या पदव्या घेऊन मुंबईत वकिली सुरू केली, तरी १९२५ ते १९२८ या काळात त्यांना बाटलीबॉय यांच्या अकाउंटन्सीच्या संस्थेत शिकवण्याचं अर्धवेळ काम करावं लागलं. बाबासाहेबांची ही गत, तर आपल्या पोरांचं काय?

यात काही चांगलं घडलंय, तेही सांगतो. ३० जुलै २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की सनदेसाठी बार कौन्सिलला कायद्यात लिहिलंय त्यापेक्षा जास्त फी घेता येणार नाही. म्हणजे सर्वसाधारण उमेदवाराला ७५० रुपये, अनुसूचित जाती-जमातींना १२५ रुपये. त्याआधी अनेक राज्यांत पंधरा हजारांच्या पुढं घेत होते. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये बार कौन्सिल ऑफ इंडियानं ज्युनिअरला शहरात महिन्याला किमान २० हजार आणि ग्रामीण भागात १५ हजार द्यावेत अशी शिफारस केली. शिफारसच ती, बंधन नाही. आंध्र प्रदेश सरकारनं २०१९ साली नव्या वकिलांना पहिली तीन वर्षं महिन्याला ५ हजार द्यायची योजना सुरू केली होती. अमेरिकेत तर जिल्ह्या-जिल्ह्याच्या बार असोसिएशन वर्गणी गोळा करतात आणि आपल्या भागातल्या लॉच्या विद्यार्थ्यांना शिष्यवृत्ती देतात. जे त्या वाटेनं गेलेत तेच मागून येणाऱ्याला हात देतात.

माझं म्हणणं असं आहे की हे आपण कोल्हापुरात करावं, आणि वेगळं दुकान न मांडता वकील संघटनेला सोबत घेऊन करावं. याचं कारण नुसतं पैशाचं नाही. कोणती मुलगी खरंच रोज कोर्टात येते, कोण ड्राफ्टिंग शिकतंय, कुणाला चांगल्या सीनिअरची गरज आहे, हे वकिलांनाच कळतं. लायब्ररी त्यांच्याकडं, ओळखी त्यांच्याकडं. आपल्याकडं काय आहे? माझ्यासारखे पगारदार आहेत.

हिशेब सोपा आहे. पन्नास जणांनी महिन्याला पाचशे रुपये दिले तर पंचवीस हजार होतात. म्हणजे पाच ज्युनिअरना प्रत्येकी पाच हजार. वर्षाचे तीन लाख. आपल्याकडं एका लग्नाच्या मंडपाला आणि जेवणाला यापेक्षा जास्त जातात.

काही नियम पहिल्यापासून ठरवू. पैसे बक्षीस म्हणून एकदम, हार-शाल घालून द्यायचे नाहीत. दर महिन्याला, दोन वर्षं, थेट खात्यात. निवड करणाऱ्यांत वकील असावेत, बाहेरचे असावेत आणि निम्म्या बायका असाव्यात. मार्कांबरोबर घरची परिस्थिती बघायची. घेणाऱ्याचा फोटो कुठंही छापायचा नाही. आणि हिशेब दर तीन महिन्यांनी सगळ्यांसमोर ठेवायचा. हे शेवटचं काम मी करीन, तेवढं मला येतं.

दोन प्रश्न मला नेहमी विचारले जातात. पहिला, घरात रेशन नाही अशी कुटुंबं असताना वकिलांना पैसे कशाला? रेशन द्याच. पण त्याच कुटुंबाचं रेशनकार्ड अडलं, वारसाची नोंद राहिली, पोरगं पोलीस ठाण्यात बसवलं, मुलीला नवऱ्यानं घराबाहेर काढलं, तर ते कुणाकडं जातात? माहितीतला, परवडणारा, विश्वासाचा वकील नसेल तर ते एजंटाकडं जातात. किट महिनाभर पुरतं. चांगला वकील तीस-चाळीस वर्षं त्या मोहल्ल्याच्या उपयोगी पडतो.

दुसरा प्रश्न, हे फक्त आपल्याच मुलांसाठी का? माझं उत्तर आहे, नाही. ज्याला गरज आहे त्याला. महाराज मुसलमान नव्हते, तरी आपल्या सोसायटीचे अध्यक्ष झाले. आपणही तेवढं मन मोठं करायला काय हरकत आहे? १८९७ साली टिळकांवर राजद्रोहाचा खटला झाला तेव्हा त्यांना जामीन न्यायमूर्ती बद्रुद्दीन तय्यबजींनी दिला होता. कोर्टात काय महत्त्वाचं असतं, ते त्यात आलं.

सर्किट बेंच सुरू झालं त्या आठवड्यात बहिणीचा फोन आला. म्हणाली, "भाई, आता वय झालं का रे माझं?" एकतीस वर्षांची आहे ती. मी तिला तो जुना प्रश्न पुन्हा विचारला नाही. विचारलं, महिन्याला किती लागतील? तिनं हिशेब करून पाठवलाय. आठ हजार दोनशे. महागाई झालीय. ते मी देणार आहे, ते माझं देणं आहे, त्याला शिष्यवृत्ती म्हणायचं नाही.

पण ज्यांना कमावता भाऊ नाही, त्यांचं काय? तुमच्या गल्लीत, तुमच्या तालुक्यात लॉ शिकणारी किंवा शिकून घरी बसलेली मुलं-मुली असतील. त्यांची नावं माझ्याकडं द्या, आधी त्यांना विचारून. आणि ज्यांचा पगार सुरू झालाय त्यांनी जाताना पाचशे रुपयांचा विचार करून जा.