पोटातले आम्ल आणि गोळीचा गुण



शेवभाजीवर तर्री नसली तर आपला धुळेकर पाहुणा तोंडाने काही बोलत नाही, पण पानावरून उठतो तो नाराज होऊनच. मग रात्री छातीत जळजळते आणि सकाळी चहाच्या आधी पित्ताची गोळी पोटात जाते. तिच्याविषयीच आज आम्हांला बोलायचे आहे.

जठरात हायड्रोक्लोरिक आम्ल असते, हे प्राउट या इंग्रज डॉक्टरने १८२४ साली प्रसिद्ध केले. या आम्लाला आपण वैरी समजतो. पण कित्येक औषधे त्याच्याच जिवावर विरघळतात, आणि जे विरघळत नाही ते रक्तात कसे उतरणार?

आमच्या परिचयाचे एक गृहस्थ जळगावच्या उन्हाळ्यात गजकर्णाने हैराण झाले. डॉक्टरांनी इट्राकोनॅझोलच्या कॅप्सूल दिल्या. महिना गेला, उतार नाही. डॉक्टर बदलले, मलमे बदलली, खिसा रिकामा झाला. शेवटी एका औषधविक्रेत्याने विचारले, "भाऊ, आणखी काय घेता?"

"काही नाही हो, ती रोजची पित्ताची."

ती होती ओमेप्रॅझोल. १९८८ साली बाजारात आलेले हे औषध जठरातील आम्लाचा पंपच बंद पाडते. रिकाम्या जठराचा पीएच एक-दोनच्या आसपास असतो. तो चारवर गेला म्हणजे आम्लता निदान शंभरपट उतरली. अंकामागे दहापट असा हा हिशेब आहे. तेथे ही कॅप्सूल नीट विरघळतच नाही. पित्ताची गोळी सोडता येत नसेल, तर कॅप्सूल साखरेच्या कोला पेयाबरोबर देतात. एरवी ज्या पेयाला आम्ही नाके मुरडतो, ते येथे आपल्या आंबटपणाने कामास येते!

पातळ अँटासिडची तऱ्हा निराळी. त्यातील अ‍ॅल्युमिनियम आणि मॅग्नेशियम हे टेट्रासायक्लिन, सिप्रोफ्लॉक्सासिन यांना धरूनच ठेवतात. थायरॉईडची गोळी आणि अँटासिड यांत चार तासांचे अंतर हवे. लोहालाही आम्लाची मदत लागते. पंडुरोगाच्या बाईने वर्षानुवर्षे पित्ताची गोळी घेतली, तर लोह पुरेसे अंगी लागेलच असे नाही.

मात्र कोणी आज घरी जाऊन ती गोळी फेकून देऊ नये. अल्सर असलेल्यास किंवा नित्य अ‍ॅस्पिरिन घेणाऱ्यास ती रक्तस्रावापासून वाचवते. डॉक्टरांकडे जाताना घरातल्या साऱ्या गोळ्या पिशवीत घालून न्याव्यात.

त्या गृहस्थांनी तसेच केले. डॉक्टरांनी पित्ताची गोळी तूर्त थांबवली, कॅप्सूल भरल्या पोटी घ्यायला सांगितली; पोळ्यापर्यंत गजकर्ण हटले. तर्री मात्र सोडावी लागली, आणि त्याचा राग ते अजून आमच्यावर काढतात.