आलेख कोणीकडे सरकतो?

श्रोतेहो, य = क्ष² हा अन्वस्त पुठ्ठ्यावर काढून कापून घ्या आणि आलेखकागदावर ठेवा. य = क्ष² + २ म्हटले की प्रत्येक बिंदू २ घरे वर चढतो; इथे मुले अडत नाहीत. अडतात ती य = (क्ष − ३)² पाशी. चिन्ह उणे, मग आलेख उजवीकडे कसा? गुरुजी, ‘नियम पाठ करा’ हे काही उत्तर नव्हे! कंस शून्य केव्हा होतो, ते विचारा. क्ष ३ झाला म्हणजे. तळ ० वरून ३ पाशी आला. ४ ही उंची पूर्वी २ पाशी मिळे, आता ५ पाशी. म्हणून पुठ्ठा उजवीकडे; आकार तोच.

आणि क्ष² − ६क्ष + ११ दिले तर? ११ मधले ९ वेगळे काढा : (क्ष − ३)² + २. आता पुठ्ठा कुठे ठेवायचा, ते मुलांनाच ठरवू द्या.