'उन्दोकाई' या शब्दाचे भाषांतर



जपानी शाळांतून वर्षास एकदा होणाऱ्या मैदानी खेळांच्या समारंभास 'उन्दोकाई' म्हणतात. 'उन्दो' म्हणजे हालचाल अथवा व्यायाम, आणि 'काई' म्हणजे मंडळींनी एकत्र जमणे. तेत्सुको कुरोयानागी यांच्या १९८१ साली प्रसिद्ध झालेल्या 'तोत्तोचान' या पुस्तकाचा इंग्रजी अनुवाद करताना डोरोथी ब्रिटन यांनी येथे 'स्पोर्ट्‌स डे' ही रूढ संज्ञा योजिली. इंग्रज वाचकास ती तत्काळ उमगते, म्हणून तीस चूक म्हणता येणार नाही. परंतु 'काई'मधील मेळा तीत उरत नाही, उरतो तो केवळ दिवस.

गंमत अशी की, हा समारंभ मूळचा इंग्रजांकडूनच जपानात गेला. १८७४ साली तोक्यो येथील नौदल विद्यालयात इंग्रज शिक्षकांच्या पुढाकाराने शर्यती झाल्या, त्या वेळी 'ॲथलेटिक स्पोर्ट्‌स'साठी झुंज व खेळ या अर्थांची अक्षरे जोडून एक बोजड नाव घडविण्यात आले होते. ते टिकले नाही. समारंभ गावोगावच्या शाळांत पोहोचला, पालक शिदोरी घेऊन येऊ लागले, मुलांचे तांबडा व पांढरा असे दोन पक्ष पडू लागले, आणि रुजले ते 'उन्दोकाई' हेच नाव.

मराठी शाळेच्या फलकावर 'क्रीडास्पर्धा' हा शब्द लिहिला की निवड सुरू होते. चार-सहा चपळ मुले धावतात, उरलेली टाळ्या वाजवितात. तोत्तोचानच्या शाळेचे मुख्याध्यापक सोसाकु कोबायाशी यांनी शर्यतीच अशा रचल्या होत्या की, वाढ खुंटलेला, आखूड हातापायांचा विद्यार्थी एकामागून एक शर्यत जिंकत गेला. बक्षिसे भाजीपाल्याची होती!

मालवण किनाऱ्यावरील मुलास 'काई' समजण्यास शब्दकोश नको. रापण ओढताना दोरास हात लावणाऱ्यास मासळीचा वाटा मिळतो, हे त्याने पाहिलेले असते. 'स्नेहसंमेलन' हा शब्द शाळांत रुळलेलाच आहे. त्या धर्तीवर 'क्रीडासंमेलन' म्हणता येईल, पण पहिलीच्या मुलास कळेल असा 'खेळमेळा' अधिक बरा. त्यात रस्सीखेच व लंगडी यांच्या जोडीस जपान्यांचा एक खेळ सहज बसतो: उंच काठीस टोपली बांधावी, चिंध्यांचे चेंडू करावेत, आणि शिटी होताच सगळ्या वर्गाने ते एकदम टोपलीत टाकावेत. शेवटी दोन्ही पक्षांचे चेंडू मुलांनीच मोठ्याने मोजावेत.